हे कामावर का जात नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रामबागेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, सगळीकडे तेच: "वहिनी, आता तर चालतात, छान बोलतात. मग कामावर का जात नाहीत?" पुढचं कुणी बोलत नाही, पण मला ऐकू येतं. बसून खायची सवय लागली असेल.

अपघातात ह्यांच्या मेंदूला मार लागला, तेव्हा आयसीयूबाहेर मी रोज एकच आकडा विचारायचे. ग्लासगो कोमा स्केल, 1974 साली टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी बसवलेली, माणूस किती शुद्धीवर आहे त्याची मोजणी. डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6. पूर्ण 15 झाले तेव्हा मी पेढे वाटले. तो आनंद खरा होता, त्यावरून मला कुणी बोलू नये. पण 15 म्हणजे माणूस जागा आहे, विचारलं तर नीट उत्तर देतो, सांगितलं तर हात उचलतो. न सांगता उचलेल का, हे त्यात मोजतच नाहीत.

त्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. गॅसवर दूध, समोर खुर्चीत हे. वास आला तशी धावत खाली आले. दूध उतू जाऊन बर्नर विझलेला, गॅस सुरूच, ओट्यावरून ओघळलेलं दूध ह्यांच्या पायापर्यंत आलेलं.

"दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बंद का नाही केला?"

नुसते बघत राहिले. चेहऱ्यावर राग नाही, ओशाळलेपण नाही. मी म्हटलं, "गॅस बंद करा." लगेच उठले, व्यवस्थित बंद केला. मग मी नको नको ते बोलले. दीर दारात उभे होते. म्हणाले, "सांगितलं की करतो, म्हणजे येतं त्याला!"

भाऊजी, तेच तर दुखणं आहे. काम सुरू करायची चालना कपाळामागच्या फ्रंटल लोबमधून येते. तिथल्या बारीक जोडण्या अपघाताच्या झटक्याने तुटतात, डिफ्यूज अ‍ॅक्सोनल इंज्युरी म्हणतात तिला. सीटी स्कॅनमध्ये ती बरेचदा दिसतच नाही, तेव्हा "रिपोर्ट तर नॉर्मल होता" हे मला ऐकवू नका. आणि हे "मी ठणठणीत" म्हणतात ते खोटं बोलत नाहीत. आपल्यात काय कमी झालंय ते मेंदूलाच कळत नाही, अ‍ॅनोसॉग्नोसिया.

पण खरं सांगू? अपघाताआधीही हे दुधाकडे कधी बघत नसत. दुखणं कुठे संपतं आणि स्वभाव कुठे सुरू होतो, हे रात्री ठरवते आणि सकाळी मोडतं.

कामाचं म्हणाल, तर मोबाईलच्या गजरावर आंघोळ, गोळ्या, फिरणं जमतंय. शेजारी बसून पुढचं पुढचं सांगणारं कुणी असेल, तर हिशेबाचं कामही करतील. अशी जागा ओळखीत असेल तर सांगा. मी मनापासून विचारतेय.