केरुबिनो फौजेत का जात नाही

"मोत्सार्टच्या विनोदी ऑपेरात तुम्हाला क्विअर असं काय दिसतं?" मला हे नेहमी विचारतात. मी बाईवर प्रेम करणारी बाई. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते: केरुबिनो.

मोत्सार्टचा ऑपेरा 'फिगारोचं लग्न' १७८६ साली व्हिएन्नात रंगमंचावर आला. त्यात काउंटच्या, म्हणजे एका सरदाराच्या, वाड्यातला केरुबिनो हा कोवळा पोरगा दिसेल तिच्या प्रेमात पडतो. हे काम पहिल्यापासून बाईच्या आवाजासाठी लिहिलेलं. मूळ नाटकाच्या लेखकानं, बोमार्शेनंही म्हटलंय की ते तरुण, देखण्या बाईनंच करावं. इतके बारकावे समजणारा कोवळा नट मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. बाईनं पोराचं काम करायची ही तेव्हाची रूढीच होती, असं म्हणून लोक विषय मिटवतात. मला ते पटत नाही. बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या आपल्या मराठी माणसांना तरी ते पटू नये.

दुसरा अंक बघा. काउंटेसची, म्हणजे काउंटच्या बायकोची, दासी सुझाना केरुबिनोला गुडघ्यांवर बसवते, त्याला मुलीचा पोशाख घालायचा घाट असतो. ती त्याची हनुवटी वळवते, चाल शिकवते, बाही वर सरकवते आणि चकित होते: याचा दंड माझ्याहून गोरा! काउंटेस समोर बसलेली, तिचीच रिबन त्याच्या दंडाला बांधलेली. मुलगा झालेली बाई आता मुलगी होते आहे. गाणारे गळे सगळे बायकांचे, आणि त्या खोलीतली ओढ कुणालाच लपवावीशी वाटत नाही. दार ठोठावत काउंट येतो, तेव्हा हशा पिकतो तो त्याच्या संशयावर.

संगीतकार रिखार्ड स्ट्राउसनं १९११च्या 'रोझेनकावालिअर' या ऑपेरात हाच धागा पुढे नेला. तिथे पडदा उघडतो तो रात्र सरल्यावरच्या शय्यागृहात, आणि प्रियकर ऑक्टाव्हियनचं काम करणारी पुन्हा बाईच!

केरुबिनोची टर उडते ती पहिल्या अंकाच्या शेवटी. काउंट त्याला फौजेत धाडतो आणि काउंटचा नोकर फिगारो चिडवतो: आता ती पिसं, ते केस, गालांवरचा तो बायकी गुलाबी रंग, सगळं विसर. पोराला 'पुरुष' करायची ही भाषा आपल्यातल्या कितीजणांनी घरी ऐकली आहे! पण केरुबिनो जातच नाही. त्याच्या फौजेतल्या नेमणुकीच्या सनदेवर शिक्का मारायचा राहिलाय, हे काउंटेसच्या लक्षात येतं. तिसऱ्या अंकात तो गावच्या पोरींत पोरीच्या वेशात उभा असतो, आणि चौथ्यातही वाड्यातच.