शिळा ब्रेड आणि सुटे मणी

आमच्या घरात ब्रेड कधी संपत नाही, उरतो. पोरगी दोन दिवस टोस्ट-टोस्ट करते म्हणून मोठं पाकीट आणायचं आणि तिसऱ्या दिवशी मॅडमना पोहे हवे असतात. मग ते पाकीट रबर लावून फ्रीजच्या डोक्यावर पडून राहतं. त्यातला पहिला जाड कडेचा स्लाइस तर कोणीच खात नाही, तो पाकिटाचं झाकण असल्यासारखा शेवटपर्यंत टिकतो.

त्या शनिवारी असेच सहा स्लाइस उरलेले आणि वर निफाडहून मामेभाऊ क्रेट ठेवून गेला. फेब्रुवारी म्हणजे त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नाही, तरी गाडी इकडे आली की वॉचमनकडे क्रेट ठेवणार आणि पुढच्या सिग्नलवरून फोन करणार, "दादा, मणी ठेवलेत, आत्याला दे." मणी म्हणजे द्राक्षाचे सुटे मणी. बाहेरच्यांना द्राक्षाचा घड माहीत असतो, पण पॅकहाउसमध्ये घड पेटीत भरताना कात्रीने छाटतात, बारका मणी काढायचा, डागी काढायचा, एक्सपोर्टच्या मालाला १८ मिलिमीटरचं माप लागतं तर १५ चा कशाला ठेवा, असं करत करत टेबलाखाली ढीग साचतो. तो कधी बेदाण्याला जातो, कधी स्वस्तात बाजारात, आणि थोडा आमच्यासारख्या नातेवाइकांकडे. चवीला काही कमी नसते हां, उलट उन्हाकडचे जरा पिवळसर झालेले मणी जास्त गोड लागतात. फक्त देठ सुटलेला असतो त्यामुळे टिकत नाहीत, दोन दिवसांत मऊ पडायला लागतात.

तर एकीकडे उरलेला ब्रेड, एकीकडे सुटलेले मणी, आणि दोघांचीही मुदत सोमवारपर्यंत.

रविवारी सकाळी बायको म्हणाली मिसळीला जाऊ. नाशिकमध्ये रविवारी हा प्रश्न नसतो, नुसती सूचना असते. पण मागच्या रविवारी आम्ही गंगापूर रोडच्या पुढे एका ठिकाणी पाऊण तास नंबर लावून उभे होतो, पोरगी झोपाळ्यावर आणि मी उन्हात, आणि नंबर आला तेव्हा जिलेबी संपलेली. म्हणून म्हटलं, आज घरी ब्रंच करू, फ्रेंच टोस्ट. बायकोने भुवई वर केली कारण हाच पदार्थ आम्ही मागच्या महिन्यात एका कॅफेत साडेतीनशे रुपयांना खाल्लेला, दोन स्लाइस, चार ब्लूबेरी, वर पिठीसाखरेचा भुरका, आणि येताना रस्त्यात वडापाव खाऊन पोट भरलेलं.

खरं सांगायचं तर ब्रंच आपण कधीपासूनच करतोय. साडेदहा-अकराला मिसळ, एक्स्ट्रा दोन पाव, पापड, वर ताक, आणि मग दुपारी जेवायला कोणी बोलावलं तरी हात जोडायचे, याला दुसरं काय म्हणतात? फक्त आपण त्याला नाव दिलं नाही. नाव दिलं ते इंग्रजांनी, १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या एका लेखकाने विलायतेत चक्क लेख लिहून मागणी केली की रविवारी सकाळी लवकर उठवून जड जेवायला घालू नका, उशिरा उठू द्या, हलक्याने सुरुवात करा, शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला त्याची गरज असते. ब्रेकफास्ट आणि लंच जोडून ब्रंच. मी न्याहारी आणि जेवण जोडून बघितलं तर न्याजेवण असलं काहीतरी झालं, ते ऐकून पोरगी म्हणाली बाबा प्लीज.

आता कृती. मी काही शेफ नाही, तीन वेळा बिघडवलंय म्हणून सांगू शकतो. पहिल्यांदा उत्साहाने बेकरीतून ताजा, अजून कोमट असा मिल्क ब्रेड आणला आणि दुधा-अंड्यात बुडवला तर उलथन्यावर उचलेपर्यंत त्याचा शिरा झाला. तेव्हा कळलं की इथे शिळाच ब्रेड लागतो. ब्रेड शिळा होतो म्हणजे नुसता वाळतो असं नाही, भाजताना फुललेला त्यातला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू परत घट्ट व्हायला लागतो, त्यामुळे ब्रेड कडक होतो आणि असा स्लाइस दूध पिऊनही अंग धरून राहतो. हे घट्ट होणं फ्रीजच्या आत जास्त वेगाने होतं, म्हणून खायचा ब्रेड आत ठेवू नये म्हणतात. आमचा डोक्यावर पडलेला, त्यामुळे चालतंय.

दुसऱ्यांदा अक्कल जास्त झाली. म्हटलं फ्रूटीच करायचंय ना, मग द्राक्षं दुधातच मिक्सरला फिरवू. द्राक्षाला आंबटपणा असतो, दूध फाटलं, वर अंडी घातल्यावर जे काय दिसत होतं त्याचं वर्णन नको. तेव्हापासून फळ वेगळं, दूध वेगळं, भेट थेट ताटलीत.

सहा स्लाइसला तीन अंडी, पाऊण कप दूध, दोन चमचे साखर, चिमूट मीठ. व्हॅनिला इसेन्स माझ्याकडे आहे पण त्याचा वास मला वाढदिवसाच्या केकसारखा येतो, त्यापेक्षा वेलची आणि जरासं जायफळ बरं. अंडं चांगलं फेटायचं नाहीतर पांढऱ्याचे तार ब्रेडवर चिकटून त्याचं ऑम्लेट होतं. एका बाजूने वीस-पंचवीस सेकंद, दुसऱ्या बाजूने तेवढंच, जास्त वेळ आंघोळ घालायची नाही. आणि गॅस मंद. तिसऱ्यांदा मी इथे मार खाल्ला, मोठ्या आचेवर नुसतं बटर टाकलं, बटरमधला दुधाचा अंश करपला, बाहेरून काळं आणि आतून कच्चं अंडं. आता साजूक तूपच घालतो, करपत नाही आणि आई घरभर विचारत फिरते की कसला वास येतोय.

मण्यांचं काम मात्र खरं मजेचं. प्रत्येक मणी अर्धा कापायचा, कंटाळा आला तरी कापायचा, कारण अख्खा मणी गरम तुपात फुटतो आणि रस थेट मनगटावर उडतो. पॅनमध्ये चमचाभर तूप, दोन मुठी मणी, सुपारीएवढा गूळ, आणि हलवत राहायचं. आधी काहीच होत नाही, मग साल सुटायला लागते, पाणी सुटतं, मग एकदम ते पाणी दाट होतं आणि वास बदलतो, कच्च्या द्राक्षाचा वास जाऊन काहीतरी बेदाण्याच्या बाजूचा येतो. तेवढ्यात बंद करायचं आणि लिंबू पिळायचं, नाहीतर नुसतं गोडमिट्ट होतं. वरून डाळिंबाचे दाणे, सटाण्याकडचं भगवा जातीचं डाळिंब असेल तर रंगाला तोड नाही, आणि सापुतारा रोडला सुरगाण्याच्या बाया पुठ्ठ्याच्या खोक्यात स्ट्रॉबेरी विकतात त्यातल्या चार उरलेल्या. त्या नाही शिजवायच्या, नुसत्या कापून साखर भुरभुरून दहा मिनिटं ठेवल्या की स्वतःच पाणी सोडतात.

पहिली ताटली आईला. आमच्याकडे अंड्याला वार लागतात, सोमवार नाही, गुरुवार नाही, चतुर्थी तर नाहीच, नशिबाने त्या रविवारी काही नव्हतं. आईने काटा बाजूला ठेवला, स्लाइसचा तुकडा हाताने मोडला, मण्यांत बुडवला, चावला आणि म्हणाली, "अरे, हे तर फोडणीच्या पोळीचंच खानदान."

मी जरा दुखावलो. पण मग तिला सांगितलं की खरंच तसंच आहे, आपण याला फ्रेंच म्हणतो पण फ्रेंच लोक याला 'पँ पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे हरवलेला पाव, वाया गेलेला पाव. जर्मन लोक म्हणतात 'आर्मे रिटर', गरीब सरदार. आणि जुन्या रोमन लोकांकडे सुद्धा पाव दुधात भिजवून तळून वर मध घालायची रीत होती. सगळीकडे कोणाच्या तरी घरात कालचा पाव उरलेला.

"गरीब सरदार?" आई म्हणाली, "मग त्या कॅफेवाल्याने तीनशे कशाला घेतले?"

"साडेतीनशे," बायको आतून.

मग आईने सुरू केलं. आजोळी शिळ्या भाकरीचा काला ताकात कसा व्हायचा, पोळीचा गूळ-तुपाचा लाडू शाळेच्या डब्यात कसा असायचा आणि मैत्रिणी अदलाबदल करायला कशा टपलेल्या असायच्या. द्राक्षं मात्र तेव्हा घरात कोणी खायचं नाही, म्हणाली, सगळा माल व्यापाऱ्याचा, पोरांनी घडाला हात लावला की मामा ओरडायचा. छाटणी झाल्यापासून माल निघेपर्यंत घरात एकच विषय, पाऊस पडतो का, थंडीने मणी तडकतो का. खाली पडलेले मणी तेवढे पोरांचे. तेही मातीतून उचलून फ्रॉकला पुसून. हे सांगताना तिने तिसरा स्लाइस घेतला, शुगरची गोळी सकाळी घेतली होती का ते मी विचारलं नाही, बायकोने डोळ्यांनी विचारलं, मी तव्याकडे बघितलं.

शेवटी उरला तो कडेचा जाड स्लाइस, झाकणवाला. त्यालाही बुडवला. आणि गंमत म्हणजे तोच सगळ्यात चांगला झाला, बाहेरून कुरकुरीत, आत खरवसासारखा, पोरगी आणि मी त्यावरून भांडलो, शेवटी तिने मधला भाग खाऊन मला कडा दिल्या.

दुपारी कोणी जेवलं नाही. चार वाजता चहा.

या शुक्रवारी ऑफिसातून आलो तर ओट्यावर ब्रेडचं नवंकोरं पाकीट, तोंड उघडं, स्लाइस ताटात एकेक करून पसरलेले आणि वर जाळी. मला वाटलं मुंग्या लागल्या म्हणून काढलेत, एक उचलायला गेलो तर आतून आईचा आवाज.

"हात लावू नको. शिळा करायला ठेवलाय."