कवडशाच्या वेळेला पेजमध्ये

विमानाची तिकिटं आधी काढली, ही पहिली चूक. म्हणजे चूक आहे हे कळायला आठवडा लागला, पण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे होतं.

बाबा एप्रिलमध्ये सांगलीहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले. काय बघायचंय म्हणून विचारलं. नायगारा म्हणतील अशी माझी तयारी होती, पण त्यांनी मोबाइलवर आलेला एक फोटो पुढे केला. नारिंगी दगडाच्या दोन वळणदार भिंती, आणि मधोमध वरून थेट जमिनीवर उतरलेली उन्हाची तिरीप. "हे कुठंय गं? खरं आहे, का कंप्युटरवर केलंय?" बाबांनी पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला. डार्करूममध्ये ढग घालून द्यायचे लोकांना. त्यामुळे शंका रास्तच होती.

खरं आहे, मी म्हटलं. ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला पेज नावाचं गाव आहे, ग्लेन कॅन्यन धरणाच्या कामगारांसाठी १९५७ मध्ये वसवलेलं. गावाबाहेर नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर अँटिलोप कॅन्यन आहे. कॅन्यन म्हटलं की डोळ्यापुढे ग्रँड कॅन्यन येतो, पण ही आपल्या भाषेत घळ. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दबून दगड झाल्या, आणि पावसाळी लोंढ्यांनी आपल्याच वाळूचा पॉलिश पेपर करून त्या आतून घासून काढल्या. बाबांना हे लगेच पटलं. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे त्यांनी पाहिलेत. "तिथं काळा पाषाण, इथं वाळू. काम पाण्याचंच."

तर मे महिन्याचा तिसरा आठवडा धरून सॅन होजे ते लास वेगास अशी दोन तिकिटं काढली आणि मग ऐटीत घळीचं तिकीट शोधायला बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अँटिलोप कॅन्यनमध्ये आपल्या मनाने जाता येत नाही. १९९७ पासून तो नवाहोंचा आदिवासी उद्यान म्हणून जाहीर झालेला भाग आहे आणि नवाहो वाटाड्यासोबत, ठरलेल्या वेळेच्या सहलीतच आत सोडतात. आमच्याकडे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास होता, तो इथे चालत नाही. दुसरं म्हणजे घळी दोन आहेत, वरची आणि खालची, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. वरची घळ तळाशी रुंद आणि माथ्याला चिंचोळी, देवनागरी 'ठ'पेक्षा इंग्रजी 'ए'च्या जवळची. तिच्या माथ्याच्या फटीतून ऊन आत यायचं तर सूर्य चांगला वर असायला हवा. म्हणून फोटोतली ती प्रसिद्ध तिरीप साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि तीही अकरा ते दीडच्या आसपासच दिसते. खालची घळ उलट, वर उघडी आणि तळाशी अरुंद. तिथे उजेड जास्त वेळ राहतो, पण तिरीप फारशी नाही, आणि लोखंडी जिन्यांनी चढउतार करावी लागते. बाबा एकाहत्तरचे, गुडघा एक दुखरा. शिवाय त्यांना तिरीपच हवी होती. म्हणजे वरची घळ, भर दुपार.

आणि आमच्या तारखेला भर दुपारची एकही जागा शिल्लक नव्हती. सकाळी आठ किंवा संध्याकाळी चार. चार वाजता तिथे भिंती छान दिसतात म्हणे, पण कवडसा नाही.

मग मी ती गोष्ट केली जी हताश माणसं करतात. एका मध्यस्थ संकेतस्थळावर 'कवडशाची खात्री' असं लिहिलेलं पॅकेज दिसलं. उन्हाची खात्री कोण देतो? पण पैसे भरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की वेळ 'उपलब्धतेनुसार' मिळेल. पैसे परत मिळायला पाच आठवडे आणि सात ईमेल लागले. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "आधी मुहूर्त, का आधी कार्यालय?" त्यांच्या धंद्यात लग्नाची तारीख पक्की झाल्याशिवाय कोणी फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देत नसे.

म्हणून सगळं उलटं केलं. आधी घळीत जागा कधी आहे ते पाहिलं: आमच्या तारखेच्या चार दिवसांनंतर, साडेअकराची सहल, दोनच जागा. थेट नवाहो सहलवाल्यांकडे पैसे भरले. मग विमानाची तारीख बदलली, भाड्यातला फरक निमूट दिला, मग हॉटेल, मग गाडी. दुपारच्या सहलीचा दर बाकीच्या वेळांपेक्षा चढा असतो. तो दर उन्हाचा आहे असं मी मनाला समजावलं.

मे धरला ते बरं झालं. पुढे जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत या भागातला पावसाळा. आपल्या पावसाळ्याशी तुलना केली तर हसू येईल एवढाच पाऊस, पण वाळवंटातली जमीन तो पिऊन घेत नाही, सगळं पाणी घळीत धावतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या घळीत ११ पर्यटक वाहून गेले. घळीवर तेव्हा फारसा पाऊसच नव्हता, तो पडला होता कित्येक मैल वर. तेव्हा आत लाकडी शिड्या होत्या. पक्के लोखंडी जिने त्यानंतर आले. आभाळ निरभ्र दिसतंय म्हणून निर्धास्त राहायचं नाही, हे सांदण दरीत गेलेल्या कोणाही सह्याद्रीकराला वेगळं सांगावं लागू नये. तरी तिथल्या प्रतीक्षागृहात वाटाड्याने आभाळाकडे पाहून सहल रद्द केली तर भांडणारी माणसं असतात, म्हणे.

वेगासहून पेजला साडेचार तास लागतात. रस्त्यात नेवाडा संपतं, ॲरिझोनाचा कोपरा येतो, मग युटा, मग परत ॲरिझोना. मधल्या कनाब गावात चहा प्यायलो, म्हणजे घरून नेलेल्या थर्मासातला.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी आयुष्यात विसरणार नाही. फोनचा गजर झाला, उठलो, आवरलं, गाडी काढली. सहलवाल्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा फोनमध्ये पावणेअकरा वाजले होते. बरोबर पाऊण तास आधी. बाबा मनगटावरचं एचएमटी बघत म्हणाले, "पावणेदहा झालेत."

"बंद पडलं असेल तुमचं."

"चाळीस वर्षांत पडलं नाही, आज कशाला पडेल?"

आत काउंटरवरच्या घड्याळात पावणेदहा. झालं असं की ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही आणि युटा करतं. नवाहो भूमीवरही करतात, पण पेज आणि इथल्या सहली ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. पेज सीमेला खेटून असल्यामुळे माझा फोन युटाचा टॉवर धरून तास पुढे गेला होता. आणि बाबांचं घड्याळ सॅन होजेच्या वेळेला लावलेलं, जी उन्हाळ्यात नेमकी ॲरिझोनाइतकीच असते. तासभर आम्ही एसटी स्टँडवर बसावं तसे पत्र्याच्या मांडवाखाली बसलो. उशीर होण्यापेक्षा हे बरं, एवढं समाधान. तेव्हापासून फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करून ठेवलीय.

नियम काउंटरवरच वाचून दाखवतात. बॅग नाही, ट्रायपॉड नाही, सेल्फी स्टिक नाही. पूर्वी वरच्या घळीत छायाचित्रकारांची वेगळी सहल असायची, ट्रायपॉड चालायचा, वाटाडे गर्दी थोपवून धरायचे. ती बंद झाली. इंटरनेटवरचे बरेचसे थक्क करणारे फोटो त्या काळातले आहेत. हे आधी कळलं असतं तर मी ट्रायपॉड विमानातून वाहून आणला नसता, असं तेव्हा वाटलं. (आणला ते नंतर कामी आलं, पण त्याची गोष्ट पुढे.)

मी १६-३५ची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, एकच लेन्स लावून गेले. आत वरून सतत पिठासारखी वाळू झिरपते, तिथे लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात मूठभर वाळू टाकणं. बाबांकडे त्यांचा मोबाइल आणि डोळे. ट्रकमधून धुरळा उडवत कोरड्या पात्रातून गेलो, आणि डोंगराच्या अंगावरच्या एका चिरेतून आत शिरलो. नवाहो भाषेत या जागेचं नाव त्से बिघानिलिनी, म्हणजे पाणी जिथे दगडातून वाहतं ती जागा. नावातच सूचना आहे.

आत गर्दी होती. आमच्या पुढे एक घोळका, मागे एक घोळका. जमिनीच्या पातळीवर फोटो काढला तर टोप्याच येतात, म्हणून सगळे कॅमेरे वर. कॅमेरा हातात धरून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर एक तीसांश सेकंदाच्या आसपास, आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल. आकाशाची फट चौकटीत आली की ती पांढरीफटक आणि बाकी सगळं काळं, म्हणून आकाश टाळायचं. रंगांचा तोल ठरवणारा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो नारिंगी रंग 'दुरुस्त' करून राखाडी करून ठेवतो. मी डेलाइटवर टाकला.

तिरीप दिसली. बाराला दहा कमी असताना. पुढच्या घोळक्याच्या पावलांनी धूळ उठली होती, म्हणूनच ती दिसली, नाहीतर हवेतला उजेड कोणाला दिसतो? साधारण दीड मिनिट आमच्या वाटाड्याने सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि मी अकरा फोटो काढले. अकरापैकी दोन स्थिर आले.

बाबा मात्र तिरीपेकडे बघतच नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, जिथे ऊन थेट पडतच नव्हतं आणि तरी दगड आतून दिवा लावल्यासारखा केशरी दिसत होता. "नवरीचा शालू आठव," ते म्हणाले. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की स्टुडिओत लाल शालूतल्या नवरीचा फोटो काढताना शालूचा रंग उसळून तिच्या हनुवटीवर चढायचा आणि आई-बाप तक्रार करायचे की मुलगी तांबडी दिसते. इथे तेच. ऊन एका भिंतीवर पडतं, तिचा रंग घेऊन समोरच्या भिंतीवर जातं, तिथून आणखी खाली, आणि प्रत्येक उसळीला रंग गडद होतो. जिथे ही उसळी पोचत नाही आणि फक्त निळ्या आभाळाचा उजेड येतो, तिथे दगड जांभळा. मी हे सगळं वाचलं होतं, पण शालू वाचनात नव्हता.

बाहेर पडून लोखंडी जिन्यांनी वरच्या अंगाने परत यावं लागतं. गुडघ्याने कुरकुर केली.

हॉर्सशू बेंडला संध्याकाळी गेलो. गाडी लावायचे दहा डॉलर, हजार फूट खाली नदीचं वळण, आणि तोंडावर सूर्य. फोटो काही खास नाहीत.

ट्रायपॉड कामी आला तो तिसऱ्या दिवशी, वायर पासमध्ये. पेज आणि कनाबच्या साधारण मध्यावर महामार्ग सोडून हाउस रॉक व्हॅलीचा कच्चा रस्ता लागतो. पाऊस झाला तर तो चिखलाचा राडा होतो. भाड्याच्या गाडीला कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, हे मी निघायच्या आधी करारात शोधून वाचलं. ही सरकारी जमीन आहे. दिवसभराचा परवाना माणशी सहा डॉलर, त्यासाठी लॉटरीसारखी सोडत नाही, वाटाड्या नाही. माणसंही नाहीत म्हटलं तरी चालेल, सकाळच्या दोन तासांत आम्हाला नऊ भेटली. ही घळ पुढे बक्सकिन गल्चला मिळते, जी जगातल्या सर्वांत लांब अशा घळींपैकी एक. मध्ये एके ठिकाणी पुरुषभर उंचीचा टप्पा उतरावा लागतो. बाबा तिथे पोचले, खाली डोकावले, आणि एका दगडावर बसले. "तू जा. मी उजेड बघतो."

मी संगमापर्यंत गेले, भिंतीवर कोरलेल्या रानमेंढ्या पाहिल्या, परत आले तेव्हा युटाच्या वेळेने सव्वाअकरा झाले होते (ही घळ युटात आहे), एचएमटीनुसार सव्वादहा. बाबांनी समोरच्या वळणावर बोट दाखवलं. "वीस मिनिटांपूर्वी ते करडं होतं. आता बघ. ट्रायपॉड लाव, मोठं छिद्र नको, दोन सेकंद दे." इथे कोणी घाई करणारं नव्हतं. दोन सेकंद दिले, मग चार दिले, मग त्यांनी मला बाजूला करून स्वतः चौकट लावली आणि आणखी अर्धा तास लावला. तिरीप नाही, काही नाही. एक वळण आणि त्यावर चढत जाणारा रंग. सांगलीच्या ग्रुपवर त्यांनी हाच फोटो टाकला. मावशीने विचारलं, हे मातीचं भांडं आहे का?

परतीच्या वाटेवर बाबांना 'वेव्ह'बद्दल कळलं. त्याच रस्त्याने पुढे चालत जायची जागा, दगडाच्या लाटा, आणि दिवसाला फक्त ६४ माणसांना परवाना. तोही सोडतीने. चार महिने आधीच्या सोडतीत नाव घालायला नऊ डॉलर लागतात आणि नंबर लागला नाही तर ते परत मिळत नाहीत. सप्टेंबरसाठी आम्ही अर्ज भरलाय. सांगलीत आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट न घेतलेले बाबा रोज सकाळी चहाच्या आधी विचारतात, "लागलं का?" निकाल पुढच्या महिन्यात आहे.