देवबागच्या मुखावर दोन सुकत्या

कोजागरी झाली की परतीचा पाऊस आवरतं घेतो आणि कर्ली नदीचं तांबडं पाणी हळूहळू हिरवं व्हायला लागतं. खाडीत वाढलेली कोळंबी समुद्राकडे सरकते आणि तिच्या वाटेवर चोणक, तांबोशी हे मोठे शिकारी मासे दबा धरून बसतात. एवढ्या ऐकीव माहितीवर मी आणि मेहुणा गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, देवबागला निघालो. रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण, मालवणहून रिक्षा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली यांमधली अरुंद पट्टी. तिच्या टोकाला संगम.

पहिल्या सकाळी आम्ही शुद्ध गाढवपणा केला. रात्रभर जागरण झालेलं, म्हणून निवांत घावणे-चहा करून नऊ वाजता वाळूत उभे राहिलो. ऊन तापलेलं, पाणी चढतंय, त्सुनामी आयलंडकडे पर्यटकांच्या बोटींचा कल्ला सुरू. तीन तास रंगीबेरंगी प्लास्टिकचे मासे फेकले. हाती आलं ते शेवाळ, एक झावळी आणि दोन केंड (पफर मासे). केंडाचे दात म्हणजे कात्रीच, दोन गऱ्या (गळाचे आकडे) तंगुसासकट, म्हणजे नायलॉनच्या दोरीसकट, गेल्या. केंड विषारी असतो, शिजवूनही विष जात नाही. तेव्हा तो लागला तर पकडीने गरी काढा आणि सोडून द्या.

दुपारी घरमालकांच्या ओळखीचे होडीवाले काका आले. आमचं सामान न्याहाळून म्हणाले, "सुट्टी बघून कित्याक येतास? तीथ बघून येवा."

हिशेब जुनाच आहे. तिथीची पाऊणपट केली की पाणी कधी भरतं ते कळतं. त्या दिवशी वद्य द्वितीया, म्हणजे दीड वाजता. हा आकडा मुंबईकडे बरोबर बसतो, मालवणात पाणी त्याच्या तासभर आधीच भरतं. म्हणजे साडेबाराला भरती, पुढे सहा तास सुकती म्हणजे ओहोटी, आणि नेमक्या तिन्हीसांजेला सुकतीचा शेवटचा टप्पा. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण-एक तास पुढे. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस पाण्याला ओढ जबर असते, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळसावलेलं. माझ्या मते इथे रॉडपेक्षा कालनिर्णय जास्त कामाचं.

चारला होडी सोडली. काकांनी आधी पाग (हाताने फेकायचं जाळं) फेकून मूठभर जिवंत सुंगटं (कोळंबी) घेतली, मग कांदळवनातून एक व्हाळ, म्हणजे ओहोळ, जिथे खाडीत रिकामा होतो त्याच्या तोंडाशी नांगर टाकला. सुकतीला व्हाळातली कोळंबी, बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर पडते आणि मोठा मासा तिथेच आ वासून थांबतो. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती खोलीची. पावसानंतर नदीचं गोडं पाणी वर तरंगतं, खारं पाणी जड म्हणून तळाशी. मासा त्या खाऱ्यात असतो. सकाळी आम्ही वरच्यावर फेकत होतो, ते सगळं फुकट. सुंगटाला गरी डोक्यावरच्या काट्याखालून घालायची. आत जो काळा ठिपका दिसतो त्याला धक्का लागला की ते मेलंच. ओढ फार असेल तर शिसं वाढवा, नाहीतर आमिष तळाला टेकतच नाही.

साडेपाचच्या सुमारास मेहुण्याचा रॉड वाकला आणि होडीपासून वीसेक हातांवर चोणक हवेत उसळली. रुपेरी, जाडजूड, तोंड उघडून डोकं झटकणारी. दुसऱ्या उडीला दोरा सैल. ओढून पाहिलं तर टोक सुरीने कापावं तसं साफ. चोणकीच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, आणि आम्ही बारीक ब्रेडला (विणलेल्या दोऱ्याला) थेट गरी बांधली होती. "लीडर कशाला, पाणी गढूळ तर आहे" असं दुपारी म्हणणारा मेहुणा नंतर अर्धा तास गप्प होता. तर ब्रेड २० पौंडी चालेल, पण पुढे लीडर म्हणून हातभर तरी ४० पौंडी जाड तंगूस बांधाच. हातात धरतानाही कल्ल्यात बोटं घालू नका.

चोणक आधी नर असते, मोठी झाल्यावर मादी होते. म्हणून अगदी दांडगी मिळालीच तर फोटो काढून सोडावी असं मला वाटतं. काका यावर फक्त हसले.

दुसऱ्या पहाटे साडेपाचला पुन्हा तीच जागा, मतलई वारा, पाणी उतरतंय. जाड तंगूस काकांकडूनच उसना. तांबोशी लागली, दीड-दोन किलोची. ती लागली की लगेच कांदळाच्या मुळांत शिरते, तिला सूत द्यायचं नाही, म्हणजे दोरा सैल सोडायचा नाही, पहिल्या दोन क्षणांत जे काय व्हायचं ते होतं. नंतर एक शिंगाळा (कॅटफिश) आला आणि त्याचा काटा माझ्या अंगठ्यात गेला. कळ खांद्यापर्यंत. उपाय असा की सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा. तासाभरात उतरली. पाकटाच्या (स्टिंगरेच्या) काट्यालाही पहिला उपाय हाच, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून नव्हे, घसटत चाला. म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच सरकतं.

मुखावर वाळूच्या अगदी कडेला मात्र उभे राहू नका. सुकतीत पाणी वाळू खालून पोखरतं, कड ढासळते आणि पुढे एकदम खोल. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. समुद्राच्या बाजूला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर तिच्या वेढ्यात गरी टाकू नये. आम्ही रापणीची दोरी ओढायला हात लावला तर मूठभर बांगडे मिळाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिकडे रॉड नेऊच नका.

तांबोशीची कढी घरमालकीणबाईंनी केली, बांगड्यांना तिरफळं.

पुढची खेप त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला धरली आहे. काकांना फोन केला तेव्हा एवढंच म्हणाले, "जाडो तंगूस घेवन येवा. माझो परत दिलास नाय."