मिग-२१ चे राउंडल डीकल न लावता मास्कने रंगवले, माझा अनुभव

प्लास्टिक मॉडेलचा किट सेकंडहँड होता. १/४८ स्केलचं मिग-२१ बिस, कुणाच्या तरी माळ्यावर कित्येक वर्षं पडलेलं. प्लास्टिक एकदम ठणठणीत पण डीकलची, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांची, शीट उघडली तर सगळी फिल्म पिवळीधम्मक. खिडकीच्या काचेला आतून टेपने चिकटवून उन्हात ठेवायची एक जुनी ट्रिक आहे, ती खरंच चालते, नेरुळच्या ऑक्टोबरच्या उन्हात पिवळेपणा बराच उतरला. पण ट्रायल म्हणून कोपऱ्यातला एक नको असलेला आकडा पाण्यात टाकला तर त्याचे चार तुकडे झाले. म्हणजे शीट दिसायला बरी झाली पण वापरायला मेलेलीच.

थांबायची तयारी नव्हती कारण मामा. मामा ओझरला एचएएलमधे होता, त्याच कारखान्यात मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस हे प्रकार बनले, त्यामुळे आमच्या घरात या विमानाबद्दल कुणी वाकडं बोललेलं चालत नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, १९६३ पासूनची नोकरी संपली, तो सोहळा टीव्हीवर बघून मामाने फोन केला आणि पहिलाच प्रश्न, "तुझं ते विमान झालं का गं?" विमान तेव्हा नुसतं करड्या रंगात उभं होतं, एकही खूण नाही.

दुसरी डीकल शीट मागवता आली असती. पण मला तसंही मोठ्या डीकलचा कंटाळा आहे. कितीही सॉफ्टनर लावा, पंखावरच्या बारीक पॅनल लाईन (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेघा) त्याच्याखाली बुजतात, खाली हवा राहिली की चांदीसारखी चमक येते, आणि मॅट करड्या रंगावर फिल्मची कड विशिष्ट कोनातून दिसतेच. मुख्य म्हणजे आपल्या एअरफोर्सचा राउंडल, ती विमानावरची देशाची गोल खूण, म्हणजे तीन वर्तुळं. सिंह नाही, वाघ नाही, चक्रसुद्धा नाही (स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र होतं, १९५० पासून ही तिरंगी वर्तुळं). वर्तुळ आणि सरळ रेघ असेल तर रंगवावं, बारीक अक्षरं आणि स्क्वाड्रनचं चिन्ह असेल तर डीकल लावावं, हे माझं मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

मग मास्कसाठी, म्हणजे रंग नको तिथे झाकणाऱ्या चिकट कागदाच्या साच्यांसाठी, मापं. व्हर्निअरने जुन्या डीकलवरचे व्यास मोजले, पंखावरचे वेगळे, नाकावरचे वेगळे. विमानाचा खरा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ मधे जेमतेम १५ सेंटीमीटर, त्यामुळे मधली हिरवी टिकली किती चिमुकली होते याचा अंदाज करा. हाताने कंपास कटरने कापायचा विचार मी लगेच सोडला, मोठी वर्तुळं जमतात पण टिकलीच्या साईजला मधलं टोकच अख्खं भोक पाडून ठेवतं.

कटिंग मशीन घ्यायला पैसे नव्हते, पण तुर्भ्याला एपीएमसीच्या आजूबाजूला ट्रकची रेडियमची कामं करणारे बसतात आणि त्यांच्याकडे प्लॉटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाईलप्रमाणे कापणारं मशीन, असतो हे डोक्यात आलं. कॉरेल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधे फाईल बनवून पेनड्राईव्ह घेऊन गेले. दुकानात त्यावेळी एका टेम्पोच्या मागच्या काचेवर खंडोबाचं नाव चढत होतं. दादाने फाईल उघडली आणि म्हणाला, "ताई, हे एवढंसं? बटणं आहेत का?" मी विमान सांगितल्यावर त्याचा पुढचा प्रश्न एकदम बरोबर होता, "भगवा आत का बाहेर?" बाहेर भगवा, मधे पांढरा, आत हिरवा. हे बरेच लोक उलटं करतात, झेंड्यात भगवा पहिला म्हणून तो मधे टाकतात.

त्याच्याकडचा व्हिनाईल मी वापरला नाही. व्हिनाईल कापला जातो मस्त, कड एकदम धारदार, पण त्याचा गोंद बाहेरच्या बोर्डासाठी असतो, मॉडेलवरचा रंग सोबत घेऊन येतो, आणि गोल पृष्ठभागावर कडेने उचलला जातो. मी माझी काबुकी शीट नेली होती, म्हणजे जपानी वाशी कागदाची ती पिवळी मास्किंग टेप असते ना, तीच पण शीटमधे आणि मागे बॅकिंग पेपर असलेली. हे मटेरिअल पातळ, त्यामुळे दादाला ब्लेडचं प्रेशर खूप कमी करायला लागलं, स्पीड पण कमी, नाहीतर बारीक वर्तुळात ब्लेड कागद ओढत नेतं. आणि वर्तुळ जिथे सुरू होतं तिथेच बंद व्हायला हवं, प्लॉटरचं ब्लेड मागून घसटत येतं म्हणून छोट्या वर्तुळात शेवटी एक टोक न कापलेलं राहतं, त्यासाठी थोडं ओव्हरकट द्यायचं, म्हणजे सुरुवातीच्या जागेच्या जरा पुढेपर्यंत कापायचं. त्याला हे सगळं माहीत होतं, मी फक्त मान डोलावत होते. एकाच राउंडलचे बरेच संच कापून घेतले, कारण काबुकी उचलताना ताणली जाते आणि ताणलेली रिंग परत गोल होत नाही.

आता खरा भाग. एका राउंडलच्या मास्कचे चार तुकडे असतात: बाहेरची चौकट, भगव्याची रिंग, पांढऱ्याची रिंग आणि मधली टिकली. लोकांची गाडी अडते ती केंद्र जुळवण्यात. मोकळ्या जागेत पांढरी रिंग नजरेने बरोब्बर मध्यावर लावणं कुणालाच जमत नाही, केसाएवढी सरकली तरी भगवा एका बाजूला जाड दिसतो. उपाय साधा आहे, तुकड्यांनाच एकमेकांची पट्टी बनवायचं. चारही तुकडे एकत्र असतानाच ट्रान्सफर टेपने जागेवर बसवायचे, मग आतले तीन उचलायचे, चौकट राहते. पांढरा मारायचा. वाळला की भगव्याची रिंग परत चौकटीला टेकवून लावायची, तिच्या आत पांढऱ्याची, तिच्या आत टिकली, आणि मग भगव्याची तेवढी काढून घ्यायची. उरलेले दोन तुकडे आपोआप मध्यावर बसलेले असतात. भगवा मारा, भगव्याच्या जागी नवीन रिंग लावून तो झाका, टिकली उचला, हिरवा मारा. बस.

पांढरा आधी का, तर भगव्यासाठी. नारंगी आणि पिवळे रंग अंगाने पातळ, खालचं झाकत नाहीत, करड्यावर मारला तर मातकट विटकरी दिसतो आणि तो उजळ करायच्या नादात थरावर थर चढून कड जाड होते. पांढऱ्यावर दोन हलक्या हातात रंग उजळतो. छटेसाठी मी नारंगीत थोडा पिवळा आणि थोडा पांढरा घातला. राष्ट्रध्वजाच्या भगव्याचं मानक आहे, आपलं आयएस १ म्हणजे पहिलंच मानक झेंड्याचं, पण विमानावरचा रंग ऊन खाऊन फिका झालेला असतो आणि एवढ्याशा मॉडेलवर मूळ छटा अंगावर येते, त्यामुळे मी फोटो समोर ठेवून डोळ्याला पटेल तेवढाच ठेवला. पांढरा पण शुद्ध नाही, त्यात करड्याचा एक थेंब.

पांढऱ्याच्या आधी एक पायरी आहे जी गाळू नये. मास्क लावल्यावर पहिला हात खालच्याच करड्याचा मारायचा. मास्कच्या कडेखाली जे काही झिरपायचं असेल ते करडंच झिरपतं, करड्यावर करडं दिसत नाही आणि फट बंद होते. पंखावर जिथे पॅनल लाईन मास्कखालून जाते तिथे तर हे हवंच, ती लाईन म्हणजे रंगाला आत जायला तयार गटारच.

एअरब्रश, म्हणजे हवेने रंग फवारायचं पेन, माझा ०.३ मिलिमीटर नोझलचा, साधा ड्युअल ॲक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही). प्रेशर १५ पीएसआयच्या आसपास, रंग लॅकर, थिनरने पातळ ताकासारखा केलेला, आणि हात कायम मास्कवर सरळ नव्वद अंशात. तिरका मारला तर एका कडेला रंगाचा बांध साचतो आणि दुसऱ्या कडेखाली हवा घुसते. पहिले थर इतके हलके की वाटतं काही लागलंच नाही. पांढऱ्याला सगळ्यात जास्त धीर लागतो. ॲक्रिलिक का नाही असं विचारलं जातं, तर पाण्यातले ॲक्रिलिक वाळल्यावर एक पापुद्रा बनतात आणि मास्कसोबत तो पापुद्रा फाटत येतो, लॅकर खालच्या थराला धरून राहतं. वासाचं म्हणाल तर आहे, उग्र आहे, ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लावूनच करा, कापडी मास्कने काहीही होत नाही. मी ड्राय बाल्कनीत एक्झॉस्ट फॅन लावून बसते आणि कॉम्प्रेसर दुपारीच चालवते, कारण खालच्या काकू संध्याकाळी रियाज करतात.

नवी मुंबईतली हवा हा वेगळाच विषय आहे. खाडी जवळ, पाऊस लांबलेला, आणि लॅकरचं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट धुकं येतं. हिरव्यावर ते लगेच कळतं. मी बेडरूममधे एसी लावून मॉडेल आधी तिथे ठेवलं, रंगात थोडा रिटार्डर घातला म्हणजे थिनर सावकाश उडतं, आणि एका राउंडलवर धुकं आलंच होतं तिथे नुसत्या रिटार्डरवाल्या थिनरचा लांबून हलका फवारा दिला तर साफ झालं. कॉम्प्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपमधे थोड्याच वेळात पाणी दिसायला लागतं, ते दर वेळी सोडायचं, टाकीच्या खालचा व्हॉल्व्ह पण. नाहीतर मधेच एक थेंब नोझलमधून थुंकला जातो आणि नेमका पांढऱ्यावर.

पंख सपाट, तिथे काही त्रास नाही. नाकावरचे राउंडल गोलाईवर येतात, तिथे चौकटीच्या बाहेरच्या बाजूने ब्लेडने बारीक चिरा दिल्या म्हणजे कागद सुरकुती न पडता वळतो. वर्तुळाच्या कडेपर्यंत चीर न्यायची नाही, अलीकडेच थांबायचं.

शेपटीवरचा तिरंगी पट्टा नुसत्या टेपने झाला. तिथेही आधी पूर्ण चौकोन पांढरा, मग मधली पट्टी झाकून दोन्ही बाजू. कुठला रंग पुढे ठेवायचा हे आठवणीवर सोडू नका, ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याच विमानाचा, त्याच बाजूचा फोटो बघा. सीरियल नंबर, ते सी ने सुरू होणारे काळे आकडे, ते पण मास्कनेच केले, मात्र शून्य, सहा आणि आठच्या पोटातले तुकडे सुईच्या टोकावर घेऊन बसवताना भिंग लागलं आणि माझ्या मानेची वाट लागली. तरी काळा एकाच हातात बसतो हे सुख.

मास्क काढायची वेळ महत्वाची. रंग हाताला चिकटत नाही पण पूर्ण टणकही झालेला नाही अशा वेळी काढायचा, आणि वर उचलायचा नाही तर स्वतःवरच दुमडून आडवा मागे ओढायचा. कडेला नखाला जाणवेल न जाणवेल एवढा उंचवटा राहतो, तो दुसऱ्या दिवशी खूप बारीक सँडिंग पॅडने ओला करून हलकेच घासला आणि मग वरून ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर.

बारीक सूचना, म्हणजे इथे पाय ठेवू नका वगैरे, त्या जुन्या शीटमधल्याच लावल्या. शीटवर क्लिअर लॅकरचा एक थर मारला की डीकल फुटत नाहीत, फक्त मग प्रत्येक डीकल कडेने कात्रीने कापून घ्यावं लागतं कारण अख्खी शीट एकच फिल्म झालेली असते. पिवळेपणा एवढ्याशा काळ्या अक्षरांत दिसत नाही.

मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्याने राउंडलकडे बघितलंच नाही, थेट मागे एक्झॉस्टकडे, "मागचं धुडकं एवढं चकचकीत कसं, कधी स्टार्टच नाही का केलं?" आता तिथे जळका धातू करायचा आहे. राउंडलची कॉरेल फाईल माझ्याकडे आहे, १/४८ ची, १/७२ साठी व्यास दोन तृतीयांश करा, फक्त टिकलीसाठी गोल कापणारा एखादा पंच शोधा, तेवढी बारीक गोष्ट प्लॉटर करेल असं तुर्भ्याच्या दादालाही वाटत नाही.