लघु-गुरूच्या खुणा, इंग्रजीच्या वहीत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नुसत्या आठवणी लिहिण्यापेक्षा आज त्याच बाकांवर बसणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल असे काही द्यावे, असे वाटले. भुजंगप्रयात वृत्ताचा चरण फोडताना लघूवर अर्धचंद्र आणि गुरूवर आडवी रेघ द्यायला आपण इथेच शिकलो. त्याच दोन खुणा इंग्रजी शब्दांवर द्या, म्हणजे शब्दाच्या कोणत्या अवयवावर (एका झटक्यात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर) जोर द्यायचा ते दिसेल: जोर तिथे गुरू, बाकी लघु.

सुरुवात आपल्या केळीपासून. 'बनाना'त आपण तिन्ही अक्षरे सारखीच भरून म्हणतो. इंग्रज मात्र फक्त मधला 'ना' लांबवतो; 'ब'ला आणि शेवटच्या 'न'ला जेमतेम पुसट 'अ' मिळतो. लघु, गुरू, लघु.

हीच केळी परदेशी निघाली की 'एक्स्पोर्ट'. नाम असेल तर जोर 'एक्स'वर. क्रियापद असेल तर 'पोर्ट'वर, आणि आधीचा 'ए' घसरून 'इ' होतो. ट्रकचे 'परमिट' म्हणताना जोर आधी, परवानगी देणे म्हणताना नंतर. शेतमाल म्हणजे 'प्रॉड्यूस', पिकवणे म्हणजे 'प्रड्यूस'. 'कन्टेन्ट'मध्ये तर जोर आधी दिला की मजकूर, नंतर दिला की समाधानी! मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, पण पाण्याचा 'जग' आणि आपण राहतो ते 'जग' आठवा: लिहायला एक, म्हणायला दोन. 1570 सालच्या नोंदींत जोर सरकणाऱ्या अशा नाम-क्रियापदाच्या तीनच जोड्या सापडतात: रेबेल, आउटलॉ, रेकॉर्ड. 1934 पर्यंत त्या 150 झाल्या. तरी सरसकट नियम करू नका; 'आन्सर', 'व्हिजिट', 'रिपोर्ट' दोन्हीकडे सारखेच राहतात.

चूक बहुधा एकाच जागी होते. जोर म्हणजे ओरडणे, असे मुलांना वाटते. खरे तर गुरू अवयव लांबतो, त्याचा सूर चढतो, स्वर स्वच्छ राहतो. आणि लघु अवयव आक्रसतो. मुले गुरू चढवतात, पण लघु आक्रसत नाहीत, म्हणून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. दोन बोटांत रबरबँड धरा. गुरूला ताणा, लघूला सैल सोडा. पाढ्यांच्या एकसारख्या ठेक्याची सवय त्याने मोडते.

वृत्तात गुरू कोणता हे लेखनावरून कळते. इंग्रजीत तसे नाही. म्हणून शब्दकोश उघडा. ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या कोशांत उच्चारामध्ये वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. जोर तिच्या पुढच्या अवयवावर. बरेच जण तो मागच्यावर देतात. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' असेल तर जोर साधारणपणे त्याच्या लगेच आधी: एज्यु'के'शन, इलेक्'ट्रि'सिटी. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर!

आता बोलीभेद. अहिराणीत 'काया' म्हटले तरी रंग काळाच. तसेच 'लॅबोरेटरी'त ब्रिटिश जोर 'बॉ'वर, अमेरिकन 'लॅ'वर. 'गॅरेज'मध्ये ब्रिटिश सहसा पहिल्यावर, अमेरिकन दुसऱ्यावर. 'अ‍ॅडव्हर्टाइजमेंट'मध्ये ब्रिटिश 'व्हर'वर, अमेरिकन बहुधा 'टाइज'वर. यात चूक कुणाचीच नाही. एक धरावे आणि तेच ठेवावे.

शेवटी, वर्गातच करून बघण्याजोगी एक जोडी. 'इंग्लिश टीचर'मध्ये जोर 'इंग्लिश'वर दिला तर इंग्रजी शिकवणारे सर. 'टीचर'वर दिला तर इंग्लंडहून आलेले.