पणजीचे गाव
लंडनमधल्या आमच्या शेजारच्या इंग्रज आजींच्या बेपत्ता पणजीचे नाव आज एका वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या संस्थेच्या, जुन्या नोंदवहीत अखेर सापडले, पण त्यापुढचे गाव वाचून आजी गप्प झाल्या. ते गाव तिला टाकून परागंदा झालेल्या नवऱ्याचे होते.

तिथल्या गरीब-कायद्यानुसार, म्हणजे निराधारांच्या मदतीच्या कायद्यानुसार, लग्न होताच बाई नवऱ्याच्या पॅरिशची, म्हणजे गरिबांची जबाबदारी घेणाऱ्या त्याच्या स्थानिक चर्च-विभागाची, ठरत असे, आणि १८३४ च्या नव्या कायद्यानेही हे बदलले नाही. घरच्यांनी मात्र तिला वर्षानुवर्षे तिच्या जन्मगावच्या कागदांत शोधले.

व्यवसायाच्या रकान्यात फिकट शाईने ‘धोबीण’ एवढेच लिहिले होते. आजी बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

आमच्या घरच्या वंशावळीत तर बायकांची नावेच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. तुमच्या पणजीचे माहेरचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का?